वळचणीचा शब्द

शब्दकोशाच्या कचेरीत विनिफ्रेड पम्फ्रीच्या वाट्याला ‘ईव्हजड्रॉप’ हा शब्द आला. चोरून ऐकणं, हा अर्थ सगळ्या इंग्लंडला ठाऊक. उगम मात्र मजेशीर. ईव्ह्ज म्हणजे वळचण, ड्रॉप म्हणजे तिथून गळणारं पाणी. पागोळ्या पडतात त्या पट्टीत उभं राहून घरातलं बोलणं ऐकणाऱ्याला पूर्वी दंड होई. आता सरकारी नोकरी मिळते, असं ती म्हणे. कोशात लिहीत नसे.

मुख्य संपादक लिडगेट महिनाअखेर निवृत्त होणार होते. खुर्ची विनिफ्रेडला द्यायची की नाही, हे तेच ठरवणार होते.

वापराचे दाखले वाचक चिठ्ठ्यांवर लिहून पाठवत. बुधवारच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी तपकिरी शाईची होती.

‘लिडगेटची सगळी विद्वत्ता दाढीत आहे. स्थळ: ९, मिल लेन, खिडकीबाहेर. सोमवार.’

पत्ता तिच्याच घराचा होता. सोमवारी न्याहारीला ती हेच म्हणाली होती. चिठ्ठी तिने पर्समध्ये कोंबली.

“कुणाला सांगितलंस?” घरी येताच ती नवऱ्यावर ओरडली. अँब्रोज ठार बहिरा नव्हता, पण फार बाकीही नव्हतं.

“काय?”

“सोमवारचं बोलणं!”

“अगं, मला कुठं ऐकू आलं होतं?”

मग शेजारी. ती बाहेर गेली. सात आठवडे पाऊस नव्हता, बागेला पाणी घालायलाही बंदी होती. तरी वळचणीखाली मातीची एक पट्टी ओली होती. तिच्यात दोन पावलांएवढी जागा कोरडी. चवडे भिंतीकडे.

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. जे हवं ते कागदावर लिहायचं. शुक्रवारी उकडलेल्या अंड्यासमोर तिने लिहिलं, ‘मीठ दे.’ अँब्रोजने दिलं. कागद तिने लगेच चुलीत घातला.

पुढच्या सोमवारी लिडगेटनी बोलावलं. त्यांच्या हातात तपकिरी शाईची चिठ्ठी होती.

“पम्फ्रीबाई, खुर्ची तुमची. पण असले वाचक आवरा. ‘मीठ दे’ म्हणे! यात तुमचा शब्द कुठाय?”

तिने चिठ्ठी घेतली.

‘खिडकीबाहेर’ खोडलं होतं. वर लिहिलं होतं: ‘टेबलाशी.’

अँब्रोज घरी एकटा होता.

तिने लिडगेटच्याच टेबलावरून घरचा नंबर फिरवला. फिरवताना आठवलं, अँब्रोजला फोनची घंटा ऐकू येईनाशी होऊन चार वर्षं झाली.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

“अँब्रोज?”

पलीकडे पाणी ठिबकत होतं. कुणी बोललं नाही. ऐकत होतं.