घुसळखांब

चव्वेचाळीस साली लढाईमुळे नव्या घराला साग मिळेना, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, दादाने, खाडीवरच्या पडक्या किल्ल्यातून एक खांब आणला. तिथलं बंदर गाळाने कधीच भरलं होतं. पूर्वी तिथे आरमाराची गलबतं बांधत. लाकूड आमच्या कर्जतच्या डोंगरांतलं, आणि ते ओढायला ठाकरवाडीची माणसं आमच्याच वाडवडिलांनी वेठीला धरून दिलेली. दादा हे मिशीला पीळ देत सांगायचा. मला चीड यायची.

दहिवलीच्या नव्या घरात खांब स्वयंपाकघरात उभा राहिला. त्याला जाड लोखंडी कडी होती, रवी अडकवायला सोयीची. माझी बायको सुंदरा, सातवा महिना लागलेली, तिथेच रोज ताक घुसळायची.

आधी लोणी येईना. मग ताक खारट लागू लागलं.

मी भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला. असल्या गोष्टी मी हसण्यावारी नेतो. पण ऐन चैत्रात खांब बुडापासून ओला होऊ लागला. ओल कडीपर्यंत चढे आणि ओसरे. दिवसातून दोनदा, रोज थोडी उशिरा. समुद्राच्या भरतीची चाल हीच.

ठाकरवाडीची कोंडी मोळी घेऊन आली. खांब दिसताच ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ह्यो हितं आनला?" ती म्हणाली. "पळून जानाऱ्या आमच्या मानसांना याच कडीला बांधत. भरती आली का मान वर धरायची बिचारी. पुरायची नाय."

"मग आता काय करायचं, कोंडी?"

"तुमचा खांब हाय. मी कशाला सांगू?" ती हसली. मोळी उचलून तशीच परत गेली.

"खांब काढू," मी दादाला म्हटलं.

"आढं खाली येईल रं! बायकोचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं काय?"

मी सुंदराला माहेरी शेलूला न्यायचं ठरवलं. बैलगाडी जुंपून आत आलो तर ती खांबाला टेकून उभी होती. रवीची दोरी दोन्ही मनगटांना करकचून आवळलेली.

"अवं, मी नाय बांधली," ती म्हणाली.

गाठ सुटेना.

कोयत्याने दोरी कापली.

शेलूला मुलगा झाला. दोघं सुखरूप. दादाने पेढे वाटले.

मुलगा आता तीन महिन्यांचा आहे. दिवसातून दोनदा, रोज थोडा उशिरा, तो दोन्ही मनगटं जुळवतो आणि हनुवटी वर धरतो.