जरा चालून दाखव

"पोरी, जरा चालून दाखव की!" अहमदपूरहून सुकन्याला बघायला आलेली मुलाची मावशी गोड हसून म्हणाली आणि पाटावर बसलेल्या सुकन्यानं गुडघ्यावर हात दाबला... आजवर परक्यांपासून लपवलेला पायाचा अधूपणा आता चारचौघांत उघडा पडणार होता! ती उठली, दारापर्यंत कशीबशी सावरून गेली. वळताना मात्र गुडघा निसटलाच.

"कळवतो," म्हणून पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले.

सुकन्याच्या आईनं, केवळाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. "हिरीच्या पायरीवर घसरली अन् लेकराचं नशीबच लंगडं झालं गं माय!"

सुकन्यानं धाकट्या पुनमकडं पाहिलं, डोळ्यांनीच विनवलं... बोलू नकोस! एके काळी रेणापूरजवळच्या या गावात मुलींचा फुटबॉल म्हणजे या दोघी बहिणीच. पुनमच्या समोर उभं राहायला दुसरी पोर मिळेना, म्हणून मळ्यात तुराट्या रोवून केलेल्या गोलात सुकन्या उभी राहायची. आणि एका संध्याकाळी चेंडू अडवताना तिचा गुडघा मुरगळला, तो कायमचाच. अण्णांना कळलं तर पुनमचा खेळ बंद होईल, या धास्तीनं तिनं विहिरीची पायरी पुढं केली अन् धाकटीला गळ्याची शपथ घातली. आता तालुक्यातल्या पोरी जीप भरून सामन्यांना जातात. उद्या पुनम जिल्ह्याच्या संघातून नांदेडला खेळणार होती.

"अण्णा," पुनमला हुंदका आवरेना, "अक्का पायरीवर न्हाई पडली. माझा बॉल अडवताना पडली! माझ्यापायी लंगडती ती!"

"पुनमे!" सुकन्या कळवळून ओरडली. "एवढं सोसलं ते सगळं मातीत घातलंस की गं! आता उंद्या कशी जाशील तू?"

शेषेरावअण्णांनी कोपऱ्यातले पुनमचे बूट उचलले. सुकन्यानं धावत जाऊन वडिलांचे पाय धरले. "अण्णा, मला मारा, पण तिला अडवू नका हो...!"

त्यांनी बूट पुनमच्या पिशवीत ठेवले.

"उंद्या दोघी चला नांदेडला. ही खेळंल, तुझा पाय डॉक्टरला दाखवू. हिरीला लई शिव्या घातल्या म्या, पण तुझा गुडघा कधी बघितला न्हाई. बाळ... मला चालून दाखव."

सुकन्या उठली आणि पहिल्यांदाच काहीही न सावरता, लंगडत, रडत त्यांच्याकडे चालत गेली.