वेदीचा दगड

किल्ली परत द्यायची होती, एवढंच त्या दिवशीचं काम होतं.

उकव्याच्या खाणवस्तीतल्या छोट्या चॅपलची किल्ली बावीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होती. माझी बायको आनंदी रोज चार वाजता ती काढायची आणि पाच वाजता परत लावायची. ती ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेली. मी किरनापूरचा, शाळामास्तर, त्यांच्यातला नव्हे. डिसेंबरात आनंदी गेली. वस्तीतली बरीच घरं आधीच रिकामी झाली होती, आता चॅपलही बंद होणार होतं. फादर प्रेमलाल त्यासाठी दुपारी येणार होते.

एप्रिलचं ऊन होतं. आवारात मोहाचा गोडसर, आंबूस वास भरला होता. चॅपल झाडणारी शेवंताबाई पायरीवर बसली होती.

"मास्तर, बाई काल बी आलत्या," ती म्हणाली.

"कोण बाई?"

"कोन म्हंजे? तुमच्या बाई. त्या चटईवर बसलत्या. पाठ दिसली मले."

तिने झाडू पायरीवर आपटून त्यातली धूळ काढली.

"हसून राह्यलत्या. तुमच्या घरी नाही येत का?"

"येते," मी म्हणालो.

ते खोटं होतं. चार महिने मी तिची वाट पाहत होतो. तिचा कंगवा जागेवरून हलवला नव्हता. चपला दाराशी होत्या. घरात भांडंसुद्धा वाजलं नव्हतं. आणि इथे, या पत्र्याच्या खोलीत, ती येत होती. हसत होती.

हे हसणं मला माहीत होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा चॅपलच्या खिडकीबाहेर उभा राहिलो होतो. आत ती एकटीच होती. हळू आवाजात बोलायची, मग थांबायची, समोरचा बोलत असताना आपण थांबतो तशी, आणि मग हसायची. घरी ती अशी कधी हसली नाही. रात्री जेवताना मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "तिथं बोलता येते." आमचं भांडण कधी झालं नाही. तिने वाढायचं, मी खायचं, आणि तिने विचारायचं, "अजी, मीठ बरोबर आहे न?" बावीस वर्षं.

फादर आले ते छिन्नी-हातोडी घेऊनच. आधी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली, मग वेदीच्या मधोमध बसवलेला चौकोनी दगड चारी बाजूंनी मोकळा करायला लागले. दगड वीतभर रुंद, दोन बोटं जाड. वर पाच क्रूस कोरलेले.

"यानंतर ही जागा साधी होईल का, फादर?" मी विचारलं.

"खोली साधी होईल. बिशपांचं पत्र आलं आहे. उद्यापासून हिच्यात कोणी धानाची पोती ठेवली तरी चालते." त्यांनी घाम पुसला. "दगड मात्र साधा होत नाही, मास्तर. घर गेलं तरी वेदी वेदीच राहते. म्हणून तर सोबत न्यायचा."

"काय आहे त्यात?"

त्यांनी मधल्या क्रुसाखालचं लहानसं झाकण दाखवलं. "अस्थी. श्रद्धेपायी जीव दिलेल्या कोणाच्या तरी. कणभर असतीन."

"कोणाच्या?"

"नावाचा कागद होता. वाळवीनं खाल्ला."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, त्याला नावही नव्हतं.

फादरांना तिथूनच मोटारसायकलवर बैहरकडे एका आजाऱ्याला भेटायला जायचं होतं. कच्च्या रस्त्याने दगड नेणं अवघड होतं. "दोन दिवस माझ्याकडे ठेवा," मी म्हणालो. त्यांनी किल्ली घेतली आणि दगड माझ्या हातात दिला.

"स्वच्छ जागी ठेवा," ते म्हणाले. "आणि वर काही ठेवू नका."

मी तो आनंदीच्या टेबलावर पांढरं कापड घालून ठेवला. समोर चॅपलमधून आणलेली तिची चटई अंथरली. हो, मुद्दाम अंथरली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी व्हरांड्यात पेपर तपासत होतो. आधी वितळलेल्या मेणाचा वास आला. मग खोबरेल तेलाचा. मग आतून तो हळू आवाज...

ती चटईवर बसली होती. पाठ माझ्याकडे. वेणीत डिसेंबरात तिला पुरताना बांधलेली तीच निळी रिबन. शब्द कळत नव्हते. ती बोलायची, थांबायची, मान हलवायची.

"आनंदी," मी म्हणालो.

तिने मागे न बघता हात जरासा वर केला. फोनवर बोलताना मी मध्येच काही विचारलं की करायची तसा. थांबा जरा. आणि ती हसली.

पाच वाजता चटई रिकामी झाली. मी हात लावून पाहिला. कोमट होती.

त्या संध्याकाळी जे केलं ते मी रागात केलं नाही. शांतपणे, दिवा लावून केलं. सुरीच्या टोकाने झाकण उचललं. आत लाल रेशमाची पुडी होती, गव्हाच्या दाण्याएवढी. ती मी स्वयंपाकघरात नेऊन लवंगांच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि फळीवर मागे सरकवली. मागच्या दिवाळीत बालाघाटला माझी दाढ काढली होती. आनंदीने ती कागदात बांधून कपाटात ठेवली होती, का ते कधी सांगितलं नाही. ती दाढ मी दगडातल्या खळग्यात ठेवली, झाकण लावलं, फटी मेणाने बुजवल्या.

तिसऱ्या दिवशी मी चारच्या आधीच चटईशेजारी जाऊन बसलो.

ती आली. दगडासमोर बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती गप्प होती. मांडीवरच्या हाताची बोटं एकमेकांत गुंतवून, खाली बघत. ही बसण्याची तऱ्हा मी ओळखत होतो. आमच्या प्रत्येक जेवणाची होती ती.

मग तिने मान न वळवता विचारलं, "अजी... मीठ बरोबर आहे न?"

"हौ," मी म्हणालो.

ती उठली. पदर माझ्या गुडघ्याला घासून गेला. ती स्वयंपाकघरात गेली, आणि दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतून हसू आलं.

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. फादर दगड न्यायला आले होते. मी तो कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. दाढेबद्दल बोललो नाही.

आता तो दगड खैरलांजीकडच्या एका नव्या चॅपलमध्ये आहे. मागच्या आठवड्यात फादरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "एक विचारू का, मास्तर? लोक म्हणतात, तिथं कोणीतरी बसून राह्यते. ऐकते, पण जवाब देत नाही. तुमच्याकडे होता तेव्हा काही..."

"नाही," मी म्हणालो.

घड्याळात चार वाजत होते. मेणाचा वास यायला लागला होता. मी उठून स्वयंपाकघराचं दार ढकललं. ते हललं नाही. रोज चार ते पाच ते हलत नाही.

त्या दाराला आतून कडी नाही. कधीच नव्हती.