कोपरांचे खळगे

मला दिवसभराचं लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे सांगताना क्रम चुकणार नाही.

ते जुनं शिसवी ड्रेसिंग टेबल मी बायकोसाठी आणलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात लुळा पडला होता. आठ महिने ती पलंग सोडायचं नाव काढत नव्हती. डॉक्टर म्हणाले, तिला आरशासमोर बसवा, हात हलवू द्या.

टेबलाच्या कडेला दोन उथळ खळगे होते. वर्षानुवर्षं कुणी कोपरं टेकून बसलं असावं. मला असलं काही खपत नाही. सुताराला म्हटलं, "रंधा मारून सपाट करा."

"राहू द्या, साहेब. बसणारीची जागा आहे ती."

"बसणारी आता माझी बायको आहे."

"बरं बाबा. टेबल तुमचं, बायको तुमची," असं म्हणत तो हसला आणि त्यानं रंधा उचलला. लाकडाचा जो किस निघाला, त्याला केसांच्या तेलाचा वास होता.

पहिल्या दिवशी बायको तासभर बसली. दुसऱ्या दिवशी तीन तास. मी वेळा टिपत होतो, खुशीत होतो. पण ती हात हलवत नव्हती. नुसती बघायची.

"काय बघतेस एवढं?"

"अहो... ती आधी हलते. मग मी."

"कोण ती?"

"हळू बोला ना..."

सहाव्या दिवशी, भर दुपारी, तिचा उजवा हात उठला. तिनं फणी घेतली, भांग पाडला. मला रडूच फुटलं. डोळे पुसताना ओझरतं दिसलं, आरशातल्या तिचा हात मांडीवरच पडला होता. आणि आरशातून ती माझ्याकडे बघत होती.

मी आरशावर चादर टाकली.

"आता कशाला हवंय हे धूड?" बायको म्हणाली. "देऊन टाक."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अरे-तुरे केलं. संध्याकाळच्या आत सुतार टेबल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"साहेब, वहिनींना न्यायला या."

"ती घरीच आहे."

"कसली घरी? मी शटर उघडलं तर टेबलापाशी बसलेल्या. पायात चप्पल नाही. उजवा हात उचलत नाही त्यांना... घ्या, बोला."

स्वयंपाकघरात बायको गुणगुणत होती. उजव्या हातानं किटली उचलून कपात चहा ओतत होती. आठ महिने मी याच सकाळची वाट पाहिली होती.

फोनमधून कापरा आवाज आला, "अहो..."

"कुणाचा फोन रे?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"चुकून लागला," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

आत जाऊन तिच्यासमोर बसलो. चहा चांगला झाला होता. तिनंही कप तोंडाला लावला. मी मोजले, तिनं अकरा घोट घेतले. मग कप खाली ठेवला.

तो काठोकाठ भरलेलाच होता.