निळ्या फुलपाखराची कोरी जागा

माझं दुकान कोतोर शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत, मासळीबाजारामागच्या गल्लीत. जुनी छापचित्रं घ्यायची, चौकटीत बसवायची आणि पैसेवाल्यांच्या भिंती सजवायच्या, हा धंदा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, मग हातानं रंगवलेली फुलपाखरं सगळ्यांत जास्त खपतात. त्यातली काही उत्तम मी विकलीच नाहीत; घरी जेवणाच्या खोलीत लावली. याग्लिकाला, माझ्या बायकोला, ती फार आवडायची.

एका दुपारी बघतो तर एका चित्रातलं मोठं निळं फुलपाखरू गायब! बाकीची जिथल्या तिथे, मधे कोरा कागद. संध्याकाळी बघतो तर पुन्हा हजर. मी भूतखेतं मानणारा नव्हे. कुणीतरी अस्सल चित्र काढून नक्कल लावतंय, हे मी ताडलं. संशय सरळ मेव्हण्यावर, त्रिपोवर. त्याचा रंगात हात चांगला, आणि खोटं बोलण्यात त्याहून चांगला.

पुन्हा तसं झालं तेव्हा मी चौकट उघडली. मागे चिकटवलेली माझी कागदी पट्टी शाबूत होती. कागद जुनाच, छापताना उमटलेला पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागत होता; नक्कल नव्हेच. फक्त त्या कोऱ्या जागी कागद कोमट होता.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काखेत कळसा नि गावाला वळसा! चोर बाहेर कशाला शोधतोस?"

"आई, कोड्यात बोलू नकोस."

"तुझी बायको आडवी झाली की ते पाखरू जातं, उठली की येतं. आमच्या डोंगरात अशा बाईला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. चेटकीण झोपली की तिचा जीव पाखरू होऊन हिंडतो. झोपेत तिचं डोकं पायथ्याशी नि पाय उशाशी केले, तर त्याला परतीची वाट सापडत नाही.

"इतकी वर्षं झाली, अजून ती तुझ्या डोळ्यांत खुपते!" मी म्हणालो. मला रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलोच नाही. दुपारी तळलेले सार्डिन मासे खाऊन याग्लिका आत झोपायला गेली. मी घराला आतून कडी घातली आणि चित्रासमोर खुर्ची टाकून बसलो. बघू त्रिपो कसा येतो! डुलकी लागली असावी.

डोळे उघडले तर जागा कोरी. कडी तशीच.

मी झोपायच्या खोलीत धावलो.

आई पलंगाशेजारच्या खुर्चीत धापा टाकत बसली होती. याग्लिका पलंगावर उलटी, उशीवर पाय.

"आई, काय केलंस हे!"

"नुसतं फिरवलंय. साधी बाई असेल तर उठेल की."

"यागे! ए यागे, ऊठ गं!" मी तिला गदागदा हलवलं. श्वास चालू होता. बाकी काही नाही.

खिडकीतून निळं पाखरू आत आलं. सरळ उशीकडे गेलं. तिथे तिची पावलं होती. त्या पावलांभोवती ते धडपडत राहिलं.

मी तिच्या काखांत हात घालून तिला फिरवू लागलो. झोपलेलं माणूस किती जड होतं, देवा!

कसंबसं तिचं डोकं उशीवर आणलं. आता पाखरू दिसेना.

"आई, कुठे गेलं ते?"

दमून आईचा खुर्चीतच डोळा लागला होता. तोंड अर्धवट उघडं, ओठांवर निळी पूड.

याग्लिका हलली नाही.

आईनं डोळे उघडले. कपाळावरचे केस कानामागे सारले, माझ्याकडे पाहून हसली.

"अहो," ती म्हणाली, "उठवलं का नाही मला? कॉफी टाकू का तुम्हाला?"