रिटर्नमधून आलेला

त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. कुठल्या कॉलेजात तो शिकवत होता असं नाही. गिटार वाजवायचा आणि कुणी न विचारता शिकवायचा. नाव कुणीतरी टिंगलीनं ठेवलेलं, पण तो ते पदवीसारखं मिरवायचा. घराच्या मागच्या खोलीला त्यानं चारी बाजूंनी करडा फोम लावून घेतला होता. खिडकीसुद्धा बुजवलेली. बाहेर टळटळीत ऊन असो की धो धो पाऊस, आत कायम तोच पिवळा दिवा आणि तोच कोंदट वास... तापलेल्या प्लास्टिकचा, तारांच्या लोखंडाचा. तिथे बसून तो व्हिडिओ करायचा. अमक्याचा हात किती बोजड, तमक्याचा कान कसा फुटका. बोलून झालं की शेवटी नाकातून ‘हं’ करायचा. बघणाऱ्यांना ते ‘हं’ फार आवडायचं.

त्या दुपारी त्याची बायको भावाची भाड्याची खोली रिकामी करून आली. भाऊ जाऊन थोडेच दिवस झाले होते. हॉटेलांत, लग्नांत गिटार वाजवून पोट भरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. खुर्चीतच गेला, गिटार मांडीवर घेऊन. प्रोफेसर त्याला तोंडावर ‘खरखऱ्या’ म्हणायचा आणि तो हसून घ्यायचा.

बायकोनं पिशवीतून भावाचं गिटारचं पेडल, आवाज खरखरीत करणारी पायानं दाबायची डबी, काढलं आणि टेबलावर ठेवलं. लोखंडी, रंग उडालेलं, कोपरे चेपलेले.

“सगळं भंगारात दिलंस ना?” प्रोफेसर म्हणाला. “मग ह्यानंच काय घोडं मारलं होतं?”

“त्याचा आवाज ह्यातून यायचा. एकदा ऐकव ना.”

“आवाज? पत्र्यावर खडे घासल्यासारखं काहीतरी यायचं, त्याला तू आवाज म्हणतेस?”

ती जागची उठली नाही. प्रोफेसरनं दोन बोटांत धरून पेडल उलटसुलट केलं, मेलेला उंदीर धरावा तसं. मग त्याच्या डोक्यात आलं की ह्याचा एक झकास व्हिडिओ होईल. असली डबडी प्रोसेसरला जोडून लोक कसे स्वतःचं हसं करून घेतात, ते एकदा दाखवूनच द्यावं.

“बस. तुझ्याही मनाची हौस फिटू दे.”

त्याच्या डिजिटल प्रोसेसरला, म्हणजे गिटारचा आवाज घडवणाऱ्या मशीनला, मागे दोन भोकं होती. सेंड आणि रिटर्न. गिटारचा आवाज सेंडमधून बाहेर पडायचा, वायरीतून पेडलमध्ये शिरायचा, तिथे फाटून-करपून रिटर्नमधून परत आत यायचा. ह्या वळशाला इफेक्ट्स लूप म्हणतात. प्रोफेसरनं वायरी खोचल्या, प्रोसेसरच्या पडद्यावर लूपचा चौकोन अ‍ॅम्पच्या आधी सरकवला, पेडलला अ‍ॅडॉप्टर लावला. लाल दिवा लागला. माइक त्यानं बंदच ठेवला. बोलणं नंतर घालता आलं असतं. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी नुसती सूं सूं आली, दूरवर कुठेतरी तेल तापावं तशी.

“ऐकलंस? हा तुझ्या भावाचा आवाज.”

मग त्यानं एक छोटीशी सुरावट वाजवली. शेवटी तार वर ताणून सूर चढवायचा होता. तो त्यानं अर्धवटच चढवला. असल्या डबड्यासाठी बोटं कशाला दुखवून घ्यायची? हाताचा तळवा तारांवर ठेवून त्यानं आवाज बंद केला.

स्पीकर गप्प झाला. मग तारेवर बोट घसरल्याचा बारीक आवाज आला. आणि तीच सुरावट पुन्हा वाजली... सावकाश, एकेक सूर वेगळा, मठ्ठ पोराला गणित समजवावं तशी. शेवटी तार मात्र पूर्ण चढली. जिथे चढायला हवी होती, नेमकी तिथे.

प्रोफेसरचा तळवा अजून तारांवरच होता.

“रेडिओ पकडतंय,” तो म्हणाला. “जुन्या डबड्यांची खोडच असते ती. कुठलं तरी स्टेशन घुसलं असणार.”

“स्टेशनवाल्यांना तू काय वाजवलंस ते कसं कळलं?”

त्यानं पडद्यावर पाहिलं. सेंडची पट्टी काळीठिक्कर होती, म्हणजे गिटारमधून काहीच बाहेर जात नव्हतं. रिटर्नची हिरवी पट्टी हळूहळू खालीवर होत होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

आणि स्पीकरमधून आलं, “हं.”

नाकातून सोडलेलं, कंटाळलेलं, समोरच्याची किंमत शून्य करून टाकणारं ‘हं’.

बायको खुर्चीच्या कडेवर आली. “हा माझा भाऊ नाही,” ती हळूच म्हणाली. “तो असं कुणाला... कधीच नाही करायचा.”

पण प्रोफेसरचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. आजवर त्याच्यासमोर कुणी असं ‘हं’ केलं नव्हतं, आणि आज ते केलं होतं एका चेपलेल्या डबड्यानं! त्यानं गिटार सावरली आणि सुरावट परत वाजवली. ह्या वेळी नीट, मन लावून, तार पूर्ण ताणून.

उत्तर आलं. तीच सुरावट, आणखी सावकाश. मग थोडी शांतता. मग, “हं.”

त्यानं परत वाजवली. परत उत्तर. परत वाजवली.

“अरे, बास कर आता,” बायको म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिनं खांदा हलवला, तो हलला नाही. डोळे सताड उघडे, जबडा घट्ट, आणि बोटं त्याच पाच-सात सुरांवरून घाण्याला जुंपल्यासारखी फिरत होती. खोलीतला वास बदलत गेला. आधी प्लास्टिक करपल्यासारखा, मग ओल्या लोखंडाचा. कोवळं काहीतरी कापलं गेल्यासारखा. तिनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तारांवर लाल ओघळ उतरले होते.

ती उठली. आधी सेंडची वायर उपटली. आता गिटारमधलं काहीच पेडलपर्यंत पोचायला नको होतं. तरी उत्तर आलं. तिनं अ‍ॅडॉप्टर ओढला. पेडलचा लाल दिवा विझला. तरी उत्तर आलं, उलट आता ते जास्त जवळून आलं, कानाशी वाकून कुणी वाजवावं तसं.  रिटर्नची वायर तिनं दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जीव एकवटून ओढली.

खोली गप्प झाली.

प्रोफेसरनं मान वर केली. “काय उपटलंस ते? धड एकदा तरी वाजवू देशील की नाही?”

“एकदा?” तिनं दार उघडलं. बाहेर ऊन उतरून गेलं होतं. अंगणात सावल्या लांब पडल्या होत्या आणि शेजारचा माणूस कामावरून येऊन सायकल लावत होता. “दुपारभर वाजवत होतास तू.”

त्यानं बोटांकडे पाहिलं, पटकन रुमालात गुंडाळली. “तारा जुन्या आहेत. बदलायला हव्यात,” एवढंच म्हणाला. मग त्याच्या ओठांवर नेहमीचं वाकडं हसू आलं. “घाबरलीस? अगं, लूपमध्ये गोंधळ झाला की मशीन आपलंच आपण ऐकवत बसतं. अडाण्यांना त्यात भुतं दिसतात.”

“मग मला ऐकू दे. रेकॉर्डिंग आहे ना?”

“ऐक, ऐक. तेवढंच ज्ञान वाढेल.”

तिनं हेडफोन कानांवर चढवला. तो तिच्या बाजूला हात खाली सोडून उभा राहिला, खोटं पकडायला आलेल्या मास्तरसारखा. तिनं डोळे मिटले.

सूं सूं. सुरावट. उत्तर. ‘हं’. ह्या ‘हं’च्या मागे काहीतरी होतं. खोलीत बसून ऐकताना ते लक्षात आलं नव्हतं. तिनं आवाज वाढवला. खूप आतून, खूप खालून एक माणूस बोलत होता. घसा बसलेला, पार थकलेला. पाठीवर दप्तर असल्यापासूनचा ओळखीचा आवाज. तिचा भाऊ.

“हो... हो... परत घेतो, पहिल्यापासून.”

तिनं तोंडावर हात दाबला. सुरावट वाजली. उत्तर आलं. ‘हं’. आणि पुन्हा, अगदी विनवणी करत, “परत घेतो...”

ती तशीच ऐकत राहिली. भावाचा आवाज हळूहळू दूर गेला, जणू त्याला आता सुट्टी मिळाली होती आणि तो पायऱ्या उतरून निघाला होता. एकदा ‘हं’ झालं आणि त्यावर काहीच आलं नाही. सूं सूं. नुसती सूं सूं. मग त्याच जागेवरून दुसरा आवाज आला. ताजा, भेदरलेला.

“परत घेतो.”

तिनं हेडफोन काढला. 

“तू... वाजवताना मधे काही बोललास?”

“मी?” प्रोफेसर हसला. “माइक बंद होता. आणि मी कशाला कुणाशी बोलू?”

तिनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मांडीशी लोंबणाऱ्या त्या हातावरचा रुमाल ओला झाला होता. रुमालाच्या आत बोटं एकामागून एक वाकत होती, दाबत होती, शेवटी वर ताणत होती... थांबत होती, काही ऐकत असल्यासारखी... आणि परत पहिल्यापासून सुरू होत होती.

“अशी काय बघतेस?” तो म्हणाला.