मोकळं ठेवलेलं तिकीट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण ही उडत उडत कानावर आलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या घरात, मागच्या वर्षी थंडी सुरू होताना, एका रविवारी दिवेलागणीला घडली. मामांना थापा मारायची सवय नाही. उलट खरं बोलून माणसं तोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

मामा जुनी टपाल तिकिटं जमवतात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मोठं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या.

त्यातली एक तीन वर्षांपासून रिकामी...

मामी गेली तेव्हापासून.

ती होती तेव्हा दोघं मिळून तिकिटं लावायची. वहीत तिकीट बसवायला हिंज लागतं, म्हणजे डिंक लावलेल्या पातळ कागदाची दुमडलेली चिमुकली पट्टी. मामी ती जिभेच्या टोकाने ओली करून मामांच्या हाताशी सरकवायची. डिंकाची चव जावी म्हणून तोंडात लवंग. कधी स्वतःच तिकीट लावायची, पण तिचं प्रत्येक तिकीट डावीकडे जरासं कललेलं.

"तुझी नजरच तिरकी," मामा म्हणायचे.

"म्हणून तर तुम्ही पसंत पडलात," ती ऐकवायची.

फक्त एका तिकिटाला हात लावायची तिला बंदी होती.

निळं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. त्या काळी तिकिटांना कडेची भोकं नसत, कात्रीने कापून द्यायचे आणि पुष्कळदा कात्री चित्रावरूनच फिरायची. याला मात्र चारही बाजूंनी रुंद समास. खरी किंमत तर पाठीची होती. छापताना लावलेला डिंक जसाच्या तसा. तेव्हाचे हौशी लोक तिकिटं बिनदिक्कत वहीत चिकटवायचे, त्यामुळे अशी कोरी पाठ शोधून सापडत नाही. एकदा हिंज लागलं की संपलं. भिजलेला डिंक पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

म्हणून ते पारदर्शक पाकिटात वेगळं असायचं आणि वहीतली त्याची जागा रिकामी. मामीला ते बघवायचं नाही. सगळी आपापल्या घरी बसलीत, या बिचाऱ्यालाच एकटं का ठेवता, असं ती दर वेळी म्हणायची.

ती गेल्यावर घर मामांना खायला उठायचं. वर्तमानपत्र टाकणाऱ्याला थांबवून ते हवापाण्याच्या गप्पा मारायचे. शेवटी मुलीने हट्टच धरला, बाबा, इकडे या. मामा तयार झाले. एका व्यापाऱ्याने त्या निळ्या तिकिटासाठी सगळा संग्रह घ्यायचं कबूल केलं. तो सोमवारी सकाळी येणार होता. मग घराला कुलूप.

रविवारी मामा दिवा लावून सगळं शेवटचं तपासायला बसले. निळं तिकीट चिमट्याने काढलं, पाठ भिंगाखाली धरली. कोरी. परत पाकिटात घातलं.

तेवढ्यात समोरून आवाज आला...

टच्.

ओठ सुटल्यासारखा. अगदी बारीक.

नळ गळत असेल म्हणून ते उठले. नळ कोरडा होता.

परत आले तर हिंजांची डबी उघडी...

मामी गेल्यापासून तिचं झाकण निघालंच नव्हतं.

टच्...

आणि लवंगेचा वास. घरात लवंग नव्हती.

"तू आहेस का?" मामांनी विचारलं आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. त्या खोलीत कित्येक दिवसांत कोणी कोणाला काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी पाकीट उचललं.

ते रिकामं होतं...

टेबलाखाली, बाहीत, खिशात, कुठेच तिकीट नव्हतं. शेवटी त्यांनी वही उघडली.

रिकामी जागा भरली होती.

तिकीट डावीकडे जरासं कललं होतं.

मामा खूप रडले, हे त्यांनीच मला सांगितलं. भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं."

सकाळी व्यापाऱ्याने तिकिटाची कड उचलून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, गेल्या आठवड्यात पाठ कोरी होती. हे कोणी लावलं?"

"घरातल्यांनी."

"घरात कोण असतं तुमच्या?"

मामा समोरच्या खुर्चीकडे बघत राहिले. व्यापाऱ्याने काढता पाय घेतला. सौदा मोडला.

मामा मुलीकडे गेले नाहीत. तिने समजावलं, चिडली, रडली. ते ढिम्म हलले नाहीत.

"कागदाच्या एका तुकड्याला तिने एकटं राहू दिलं नाही," ते मला म्हणाले, "आणि मी तिला इथे टाकून जाऊ?"

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. रिकाम्या खुर्चीवर बसायला लागलो, तर मामांनी हाताने अडवलं आणि माझ्यासाठी आतून स्टूल आणलं. ते चहा टाकायला गेले तेव्हा मी वही उघडली. हिंज लावलं की क्षणभरात वाळतं. या गोष्टीला तर वर्ष होत आलं.

मी चिमट्याने निळ्या तिकिटाची कड हलकेच उचलली...

हिंज ओलं होतं.